मदत हवी आहे: बाबांचं घर, बक्षीसपत्र करावं की मृत्युपत्र?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या महात्मानगरमध्ये बाबांच्या नावावर 1994 चा बंगला आहे. तो माझ्या आणि पुण्याच्या ताईच्या नावावर करायचं त्यांच्या मनात आहे. पुढे आम्ही दोघं तो विकूच, इथे राहणारं कोणी नाही.

महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये, अधिभार वेगळा. बाबांकडून मिळालं म्हणून आम्हाला आयकर नाही. मृत्युपत्राला तर मुद्रांकच लागत नाही. खरी अडचण विक्रीच्या वेळची. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराच्या विक्रीतल्या नफ्यावर इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे महागाईनुसार खरेदी किंमत न वाढवता) 12.5 टक्के किंवा इंडेक्सेशनसह 20 टक्के, यात कमी कर बसेल तो भरता येतो. पण बक्षीसपत्र आता झालं तर 'घेतल्याची' तारीख बाबांची धरायची की आमची? मुंबई उच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालात इंडेक्सेशन आधीच्या मालकाच्या वर्षापासून दिलंय, पण ते या नव्या सवलतीला लागू होतं का? दोन सीएंनी दोन उत्तरं दिली.

शिवाय जुन्या घराची खरेदी किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 चं मूल्य धरलं, तर ते त्या वेळच्या रेडी रेकनरपेक्षा (मुद्रांक शुल्कासाठीच्या सरकारी दरापेक्षा) जास्त धरता येत नाही. नाशिकचे 2001 चे दर कुणी मिळवलेत का? कुठून?

बाबा हयात असेपर्यंत घरावर त्यांचाच हक्क राहावा, हे मला कराच्या बचतीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 चा (सांभाळ न केल्यास बक्षीसपत्र रद्द करता येण्याचा) आधार मिळावा म्हणून बक्षीसपत्रात सांभाळाची अट कशी लिहून घेतलीत, तेही सांगा. नाशिकमधले अनुभवी वकील सुचवलेत तर फार मदत होईल.