शक्तिपीठ महामार्गाच्या हरकतीत पुराचा मुद्दा कसा मांडावा?

नमस्कार. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटर लांबीच्या नियोजित शक्तिपीठ महामार्गाच्या मूळ आखणीत आमची कोल्हापूर जिल्ह्यातील नदीकाठची शेती येत होती. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, जिल्ह्यातील भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. तथापि जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने प्रकल्पाला मंजुरी दिल्यामुळे गावकरी पुन्हा धास्तावले आहेत.

जमिनीचा मोबदला हा आमचा एकमेव प्रश्न नाही, हे आधी स्पष्ट करतो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत आमच्या शिवारात दिवसेंदिवस पाणी साचून ऊस कुजला होता. अशा सखल भागात उंच भराव घालून रस्ता नेल्यास, मोऱ्या कितीही ठेवल्या तरी पाण्याला फुगवटा येईल, ओढ्यांच्या वाटा अडतील आणि उपसा सिंचनाच्या जलवाहिन्या तुटतील, अशी आम्हाला रास्त भीती वाटते. (पूर ओसरल्यावर पाहणीला येणाऱ्यांना हे कोरड्या रानात दिसत नाही.)

गावाच्या लेखी हरकतीसाठी मार्गदर्शन हवे आहे. निळ्या (साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द) आणि लाल (१०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द) पूररेषेचे नकाशे गटनंबरनिहाय जुळवून कसे जोडावेत? पुराची छायाचित्रे व जुने पंचनामे पुरावा म्हणून पुरेसे ठरतात, की जलशास्त्राच्या जाणकाराचा अहवाल आवश्यक असतो? भूसंपादन महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, १९५५ नुसार झाल्यास, केवळ पूर वाढण्याच्या कारणावरून हरकत घेता येते का? समृद्धी महामार्गाच्या वेळी कोणी अशी हरकत दाखल केली असल्यास तिचा मसुदा कृपया दाखवावा.