कासवाच्या शीमधून निघालेले गोल जंत, जात कशी ठरवायची?

सोलापुरी_पोरगा

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी झूऑलॉजी दुसऱ्या वर्षाला आहे. वनखात्यानं एका घरातून सोडवलेलं स्टार कासव आमच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे उपचाराला आहे, त्यांनी जंताचं औषध (फेनबेंडाझोल) दिलं आणि दोन दिवसांनी शीमध्ये पांढऱ्या शेवयांचे बारीक तुकडे दिसावेत तसले शेकड्यानं जंत निघाले. डॉक्टर म्हणाले ने बे तुझ्या प्रोजेक्टला, मग मी खुशीत बाटलीत फॉर्मेलिन ओतलं आणि सगळे त्यात टाकले, सकाळी बघतो तर सगळ्यांची जिलेबी झालेली, एकही सरळ नाही. मापं कशी घ्यायची आता? सर म्हणतात "ऑक्सियुरिस (असल्या बारीक जंतांचं एक नाव) लिही आणि पुढे चल", पण भिंगाखाली मला दोन-तीन वेगळे वाटतायत. एका कासवात एकच जात असते का? कुठून सुरुवात करू? मदत करा राव.

गुरांचा_डॉक्टर

आधी एक सांगतो, बाकी मग. कासवाला आयव्हरमेक्टिन (हेही जंताचंच औषध) कुणीही देऊ नका. गाई-म्हशींना चालतं, शेळ्यांना चालतं, म्हणून लोक कासवालाही टोचतात आणि कासव लुळं पडून मरतं. हे १९८३ सालापासून माहीत आहे, तरी अजून केसेस येतात. तुमच्या डॉक्टरांनी फेनबेंडाझोल दिलं ते ठीक, पण त्याचाही डोस वजन करूनच, अंदाजे नाही. आणि हे बारीक जंत जमिनीवरच्या कासवांत नेहमीचेच, थोडे असले तर कासवाला त्रास नसतो, म्हणून दिसले की लगेच सगळे मारून टाकायचे असं नाही. मोठा, बोटभर लांब जंत निघाला तर तो अँगस्टिकेकम असू शकतो, त्याची काळजी करायची.

जंतवाली_ताई

जिलेबी झाली ती झाली बाळा, माझीही पहिल्या वर्षी झालेली. पुढच्या वेळी असं कर: ताज्या शीतले जंत आधी मिठाच्या पाण्यात धुवायचे (सस्तन प्राण्यांना ०.९ टक्के, यांना ०.६-०.७ पुरे), मग ७० टक्के अल्कोहोल गरम करून वर ओतायचं. गरम म्हणजे वाफ येईल इतपत, तेही गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून, गॅसवर थेट नको, पेट घेईल. जंत ताडकन सरळ होतो. नंतर ७० टक्के अल्कोहोल अधिक थोडं ग्लिसरीन, त्यात वर्षानुवर्षं राहतात. डीएनए करायचा असेल तर काही जंत वेगळ्या बाटलीत शुद्ध अल्कोहोलमध्ये, फॉर्मेलिनचा स्पर्शही नको. लॅक्टोफेनॉलमध्ये (जंत पारदर्शक करणारं द्रावण) ठेवलं की आतलं सगळं काचेसारखं दिसतं.

आता जात. आधी विचारते, हे जमिनीवरचं कासव ना? आपण मराठीत दोघांनाही कासवच म्हणतो, पण पाण्यातल्या कासवात दुसरीच मंडळी असतात, कॅमॅलॅनसचे नातेवाईक वगैरे, ते सायक्लॉप्समार्फत (पाण्यातला बारीक कवचधारी जीव) येतात, आपल्या जुन्या नारूसारखंच. स्टार कासव जमिनीवरचं, म्हणून बहुतेक फॅरिंगोडोनिडी हे कुळ, त्यात टॅकिगोनेट्रिया, मेहदिएला, अलेयुरिस, थापारिया असे जीनस (जवळच्या जातींचे गट) येतात. थापारिया हे नाव लखनौच्या थापर यांच्यावरून आहे, त्यांनी १९२५ मध्येच सरपटणाऱ्यांच्या ऑक्सियुरिडवर (याच बारीक जंतांच्या गटावर) काम केलं होतं, म्हणून हे आपलं घरचंच खातं समज.

आणि तुझ्या सरांना सांग, एका कासवात एकाच वेळी अनेक जाती सापडणं अगदी नेहमीचं. १९६३ मध्ये शाड नावाच्या संशोधकानं ग्रीक कासवाच्या मोठ्या आतड्यातला टॅकिगोनेट्रिया तपासला, तर वेगवेगळ्या जाती आतड्याच्या लांबीत आणि भिंतीजवळ की मधोमध अशा जागा वाटून घेऊन राहतात असं निघालं. वाड्यातले भाडेकरू जसे.

म्हणून "ऑक्सियुरिस" लिहून मोकळं होऊ नकोस. नर शोध. मादी ढीगभर असतात, नर थोडे आणि लहान, आणि गंमत म्हणजे यांच्यात नर बिनफलित अंड्यातून जन्मतात. नराच्या शेपटीकडे एकच स्पिक्युल (मीलनाचा कडक काटा) आहे का, ते किती लांब, शेपटीवरचे पॅपिला (बारीक उंचवटे) कुठे, शेपूट किती लांबट, हे सगळं चित्रासह लिही. पुढून तोंडाचे ओठ, दात. अन्ननलिकेच्या शेवटी झडपेचा बल्ब (गोल फुगीर भाग). मादीत व्हल्वा (जननछिद्र) कुठे आणि अंडी कशी (एका बाजूनं चपटी दिसली तर छान). मादीच्या पोटात अंड्याऐवजी पिल्लं वळवळताना दिसली तर अॅट्रॅक्टिस, म्हणजे वेगळंच कुळ, ते कासवातच वाढत राहतं.

डाळिंबवाला_सूत्रकृमी

मी झाडाच्या मुळांतले सूत्रकृमी (हेही गोल जंतच) बघतो, त्यामुळे एक टोचणी. शी जमिनीवर पडलेली उचलली का? मातीतले मुक्त जीवाणूखाऊ जंत लगेच त्यात शिरतात आणि त्यांनाही झडपेचा बल्ब असतो, नवखा हमखास फसतो. त्यांच्या नराला दोन स्पिक्युल आणि शेपटीला बहुधा पंखासारखा पडदा, एवढं बघितलं तरी पुष्कळ. डाळिंबाच्या मुळाला गाठी करणारे तर बाजूलाच राहू दे.

सोलापुरी_पोरगा

ताई, डॉक्टर, सगळ्यांचे लई आभार. शी ट्रेमधून घेतली होती, त्यामुळे माती नाही, सुटलो. पाच दिवसांनी पुन्हा आलेल्या शीवर गरम अल्कोहोल केलं, खरंच ताडकन सरळ झाले, मी ओरडलोच लॅबमध्ये. आता नऊ नर निवडले. पण स्पिक्युल ३६० मायक्रॉन येतंय, नर दीड मिलिमीटरचा, म्हणजे चौथा हिस्सा अंग स्पिक्युलच झालं, बरोबर आहे का?

जंतवाली_ताई

मायक्रोमीटर (भिंगातली मोजपट्टी) कुठल्या लेन्सवर कॅलिब्रेट केलास?

सोलापुरी_पोरगा

दहाच्या. आणि बघितलं चाळीसच्या.

जंतवाली_ताई

मग चाळीसवर चौपट मोठं दिसलं, चारनं भाग. नव्वद. आता बोल.

सोलापुरी_पोरगा

अरे देवा. हो, नव्वद जमतंय. आणि नऊपैकी दोघांच्या शेपट्या बाकीच्यांपेक्षा स्पष्ट लांब आहेत, ओठही वेगळे. दोन जाती तर नक्की, तिसऱ्याचं अजून बघतोय. नवीन जात निघाली तर?

जंतवाली_ताई

घाई नको. आधी बेलिस या जंत-अभ्यासकाचे १९३६ आणि १९३९ चे दोन जुने खंड वाच, भारतातले जंत तिथून सुरू होतात. नवीन म्हणायचं तर नमुने संग्रहालयात जमा करावे लागतात, पुण्याला आकुर्डीत झूऑलॉजिकल सर्व्हेचं केंद्र आहे, तिथे विचार. आणि कासवाचा कागद नीट ठेव, स्टार कासव २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये (सर्वांत कडक संरक्षण) आहे, वनखात्याचं पत्र सोबत नसेल तर तुझा पेपर कुणी छापणार नाही. फोटो टाक त्या दोन शेपट्यांचे.