देवळात उतरलेले विष

मोहोळकडच्या देवळात मंत्राने सापाचे विष उतरलेली माणसे पाहिली, असे काही जण सांगतात; ते म्हणणे मी खोटे मानत नाही. पण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर दंशात विष सोडतोच असे नाही, त्यामुळे श्रेय फुकट मंत्राला जाते. घोणस चावली तर सूज तरी दिसते. मण्यारीचे तसे नाही. आमच्या शेजारच्या मळ्यातल्या बाईंना पहाटे मण्यार चावली तेव्हा खूण जेमतेम दिसत होती, कडुलिंबाचा पाला कडू लागतो म्हणजे विष चढलेले नाही असे समजून घरचे निर्धास्त होते, आणि थोड्याच वेळात त्यांच्या पापण्या मिटू लागल्या. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये प्रतिविष मिळाले म्हणून त्या वाचल्या. सर्पदंश झालेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा असून त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आहे.