मोरारजी देसाई काँग्रेसमध्ये कर्मठपणामुळे अडले का? सीमाभागातून एक चर्चा

टिळकवाडीकर

बेळगावात मोरारजी देसाईंचं नाव निघालं की बोलणं १७ जानेवारी १९५६ पाशीच थांबतं. साहजिक आहे. बेळगाव-निपाणीत गोळीबार झाला तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो आणि मुख्यमंत्री तेच होते. पण मला विचारायचंय ते त्यांच्या पक्षातल्या वाटचालीबद्दल. नेहरूंच्या, डावीकडे झुकलेल्या काँग्रेसमध्ये दारूबंदीचा इतका हट्टी, आचारविचाराने इतका जुन्या वळणाचा माणूस एवढा वर गेला कसा, आणि शेवटच्या, पंतप्रधानपदाच्या पायरीवर अडला का?

माझं मत असं की कर्मठपणाने ते अडले नाहीत, उलट चढले. आधी डेप्युटी कलेक्टर, १९३० ला राजीनामा. १९३७ च्या खेर मंत्रिमंडळात महसूल, १९४६ ला गृह आणि महसूल. १९५२ ला विधानसभेला अवघ्या १९ मतांनी पडले, तरी मुख्यमंत्री झाले. पडलेल्या माणसाला त्या पदावर बसवतात ते लोकप्रियतेसाठी नव्हे. फाइल वाचणारा, पैशाला न शिवणारा आणि तोंडावर 'नाही' म्हणणारा माणूस पक्षाला हवा होता. पुढे केंद्रात त्यांनी दहा अर्थसंकल्प मांडले.

अडले ते मोजणीत. १९६४ ला मतदान झालंच नाही, पक्षाध्यक्ष कामराजांनी खासदारांचा कल चाचपला आणि शास्त्रींचं नाव पुढे आलं. १९६६ ला मतदान झालं तेव्हा इंदिरा गांधींना ३५५, मोरारजींना १६९. खासदारांच्या तिकिटाच्या किल्ल्या राज्याराज्यांतल्या पुढाऱ्यांकडे, आणि बहुतेक मुख्यमंत्री पलीकडे. ज्या राज्यावर त्यांची हुकमत होती ते मुंबई राज्य १९६० ला दुभंगलं होतं, आणि मराठी बाजूला त्यांचं कुणी उरलं नव्हतं. त्यांना नडला असेल तर १९५६ चा गोळीबार, दारूबंदी नव्हे.

निपाणीकर

गोळीबार वेगळा आणि कर्मठपणा वेगळा, हे कसं काय बुवा? 'मी ठरवलं ते बरोबर, लोकांना नंतर कळेल' हा एकच स्वभाव आहे की. दारूबंदीत तोच, संयुक्त महाराष्ट्रात तोच. नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत गोळ्या चालल्या, तेव्हा दोन महिने होते हाताशी. कुणाला बोलावलं? कुणाशी बसले? १६ जानेवारीला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करणार म्हणून जाहीर केलं आणि परत तेच. १०५ हुतात्मे झाले, खरं एका शब्दाने खंत नाही.

आणि पंतप्रधान झाल्यावर? मार्च १९७७ ते जुलै १९७९ दिल्लीत हे. जुलै १९७८ पासून मुंबईत पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दलाचं) सरकार, त्यात जनता पक्ष सामील. सीमाप्रश्नावरचा महाजन अहवाल १९६७ पासून पडून, म्हणजे दहा वर्षं झालेली. एवढं जुळून आलं होतं. सीमाप्रश्नाची फाइल हलली काय? नाही हलली.

कूळकायदा

स्वभावाची चर्चा चालू द्या. मला 'कर्मठ' या शिक्क्याबद्दलच बोलायचंय. खेर मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई प्रांतात झालेले कायदे बघा: हिंदू द्विभार्या प्रतिबंध १९४६, घटस्फोट १९४७, हरिजन मंदिर प्रवेश १९४७, जातबहिष्कार प्रतिबंध १९४९. यातले काही देशपातळीवर यायला हिंदू कायदा १९५५ पर्यंत रखडला. मोरारजी या मंत्रिमंडळात गृहमंत्री होते. कायदे एकट्याचे नसतात हे मान्य, पण आड आले असते तर गृहमंत्र्याला डावलून हे झालं नसतं.

महसूल खात्याचं तर आपल्या जमिनीशी नातं आहे. १९४८ च्या कूळकायद्याने खंडाला मर्यादा घातली, कोरडवाहूला पिकाचा तिसरा आणि बागायतीला चौथा हिस्सा. १९५२ ला तो सहाव्या हिश्श्यावर आला. १९५६ ची दुरुस्ती मोरारजी मुख्यमंत्री असतानाची. १ एप्रिल १९५७ ला कसणारं कूळ मालक मानलं जाणार, किंमत आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) २० ते २०० पट, हप्ते जास्तीत जास्त बारा.

मध्येच १ नोव्हेंबर १९५६ ची राज्यपुनर्रचना आली. चंदगड मुंबई राज्यात राहिलं, तिथे १ एप्रिलला कूळ मालक ठरलं. बेळगाव-खानापूर म्हैसूरकडे गेलं आणि म्हैसूर सरकारने १९५७ ला ही कलमंच स्थगित केली. आपल्याकडच्या कुळाला १ मार्च १९७४, मुख्यमंत्री देवराज अर्स आणि फॉर्म नंबर ७ (जमीन मिळण्यासाठीचा कुळाचा अर्ज) यांची वाट बघावी लागली. मध्ये सतरा वर्षं. त्या काळात किती कुळं उठवली गेली ते जुने उतारे ओळीने लावले की दिसतं, कब्जेदार आणि पीक लावणारा यांची नावं कुठे बदलली तेवढं बघायचं.

शहापूर सराफ

जमिनीचं झालं, आता सोन्याचं. जानेवारी १९६३ चा सुवर्ण नियंत्रण हुकूम अर्थमंत्री मोरारजींचा. १४ कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही. कारण दिलं चोरटी आयात आणि परकीय चलन. चीन युद्धानंतरचे दिवस, कारण खोटं नव्हतं. पण त्यामागे सोन्याचा सोस वाईट, लोकांनी तो सोडावा, असा उपदेश होता, आणि हिशेब तिथेच चुकला.

२२ कॅरेटमध्ये सोनं ९१.६ टक्के, १४ मध्ये ५८.३. उरलेलं बहुतेक तांबं नि चांदी. असा धातू कडक होतो. तार ओढताना तुटते, पत्रा ठोकताना कडेला चिरा पडतात, दर दोन फेऱ्यांना तापवून नरम करावा लागतो. ठुशीचे मणी आणि मंगळसूत्राच्या वाट्या आपल्याकडे पातळ पत्र्याच्या, त्या यात नीट उतरतच नाहीत. घामाने रंग काळपट पडतो तो वेगळाच. गिऱ्हाईक फिरकलं नाही. हातावर पोट असलेला सोनार बसला, आणि ज्याच्याकडे भांडवल होतं त्याने चोरून २२ चाच माल दिला. त्याच वर्षी जुनं सोनं त्याच कसात घडवून द्यायला सूट द्यावी लागली, १९६६ ला १४ ची अट गेली. कायदा मात्र १९९० पर्यंत राहिला.

हा कर्मठपणा नाही तर काय? ऑगस्ट १९६३ ला कामराज योजनेत (ज्येष्ठ मंत्र्यांनी पद सोडून पक्षकार्य करायचं) नेहरूंनी त्यांचा राजीनामा घेतला, तेव्हा देशभरातल्या सोनारांत कुणी रडलं नसेल.

टिळकवाडीकर

सराफसाहेब, धातूबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण कामराज योजनेत लालबहादूर शास्त्री आणि जगजीवनरामही गेले, त्यांनी काही सोनं बंद केलं नव्हतं. तो पक्षातला डाव होता.

निपाणीकर, ऑगस्ट १९५६ ला अहमदाबादेत महागुजरातवाल्या (वेगळं गुजरात राज्य मागणाऱ्या) विद्यार्थ्यांवरही त्यांच्याच राज्यात गोळ्या चालल्या. नंतर ते तिथे उपोषणाला बसले, आणि गुजराती लोकांनीच जनता कर्फ्यू पाळून त्यांच्या सभेकडे पाठ फिरवली. म्हणजे मराठी माणसावर खास राग होता असं नाही. झुंडीपुढे नमायचं नाही, हा सरकारी अधिकाऱ्याचा खाक्या.

निपाणीकर

दोघांवर गोळ्या चालल्या म्हणून माफ करायचं काय? तुम्ही माझाच मुद्दा सांगूलाय.

कंग्राळी बुद्रुक

सगळे एक गोष्ट धरून चाललेत, की काँग्रेस उदारमतवादी आणि मोरारजी त्यात उपरे. १९५० ला पक्षाध्यक्षपदासाठी जुन्या वळणाचे पुरुषोत्तमदास टंडन उभे राहिले. नेहरूंचा उघड विरोध होता. मतं पडली टंडन १३०६, कृपलानी १०९२, आपले शंकरराव देव २०२. पक्षाचे प्रतिनिधी कुणाकडे होते ते यात आलं. वर्षभरात नेहरूंनी टंडनांना जायला लावलं, पण जिल्हा आणि प्रांत कमिट्यांतली माणसं तीच राहिली. उदारमतवाद दिल्लीत आणि जाहीरनाम्यात. गावात जमीनदार, अडत्या, सोवळा वकील. मोरारजी त्या पक्षात मुळीच उपरे नव्हते.

उपरे झाले ते १९६९ ला. जुलैत बंगळूरच्या लालबागेत अधिवेशन, अध्यक्ष आपल्याच राज्याचे निजलिंगप्पा. राष्ट्रपतिपदासाठी संजीव रेड्डींचं नाव इंदिराजींच्या मनाविरुद्ध ठरलं. काही दिवसांत त्यांनी मोरारजींकडून अर्थखातं काढलं, त्यांनी राजीनामा दिला आणि १९ जुलैला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. मोरारजी बँकांवर सामाजिक नियंत्रण आणून राष्ट्रीयीकरण टाळू पाहत होते. म्हणजे भांडण दारूचं नव्हतं, सोवळ्याचं तर नव्हतंच, पैशाच्या धोरणाचं आणि खुर्चीचं होतं. कमिटीत बहुमत असूनही सिंडिकेट (पक्षातल्या जुन्या पुढाऱ्यांचा गट) हरलं, कारण तोवर मतदार कमिटीला विचारायचा थांबला होता.

टिळकवाडीकर

हे पटतं, आणि माझ्या मोजणीच्या मुद्द्याला धरूनच आहे. फक्त दारूबंदी पूर्ण सोडता येणार नाही. १९४९ चा कायदा बेळगावला लागू होता. बालसारा खटल्यात १९५१ ला सर्वोच्च न्यायालयाने कायदा बराचसा टिकवला, पण मद्यार्क असलेली औषधं आणि अत्तरं वगळली. लष्कराची सवलत कायम ठेवली, म्हणजे कॅम्पात चालेल ते खडेबाजारात गुन्हा. पुढे पेसिकाका खटल्यात ठरलं की नुसता तोंडाला वास आला म्हणून भागत नाही, ती औषधातली दारू नव्हती हे पोलिसांनी सिद्ध करायचं. तेव्हापासून आरोपी 'टिंक्चर घेतलं होतं' म्हणायला शिकले. इकडे गूळ स्वस्त, नवसागर दुकानात मिळतो, शिवाय घाटाखाली पोर्तुगीज गोवा. हातभट्टी मोडायला एवढे शिपाई आणणार कुठून?

कूळकायदा

माझ्याच बाजूविरुद्ध जाणारं एक सांगायला हवं. १९४८ ते ५६ मध्ये मालकांनी कुळांकडून 'स्वखुशीचे राजीनामे' लिहून घेतले, आणि शिस्तीच्या या सरकारला ते वेळेत थोपवता आले नाहीत. चंदगडातही १९५७ नंतर सगळं सुरळीत नव्हतं. कलम ३२ग खाली किंमत ठरवायच्या तारखेला कूळ हजर राहिलं नाही की खरेदी निष्प्रभावी. सगळे हप्ते फेडले तरच ३२म चं प्रमाणपत्र. ज्यांच्या सातबाऱ्यावर कलम ४३ चा (विक्रीवर बंधन असल्याचा) शेरा आहे, त्यांनी विक्रीआधी ते प्रमाणपत्र हाताशी आहे का बघावं. ते नसल्यामुळे अडलेले व्यवहार तिकडे पुष्कळ.

निपाणीकर

म्हणजे कायदा चांगला, खरं माणूस कुळाच्या दारात गेला नाही. आमच्याही दारात आला नाही.