कालविस्तार ‘वेगा’वर अवलंबून की ‘चाली’वर?

प्रश्न, परभणीहून
‘टाइम डायलेशन’साठी, म्हणजे धावतं घड्याळ आपल्या मोजणीत हळू चालतं त्यासाठी, ‘कालविस्तार’ हा शब्द घेतलाय. फळ्यावरचं वाक्य असं: ‘कालविस्तार वस्तूच्या वेगावर अवलंबून असतो.’ शाळेच्या पुस्तकात चाल निराळी, वेग निराळा, आणि वेगाला दिशा असते. त्यामुळे पोरं विचारायलेत, यान आपल्याकडे येताना घड्याळ एका गतीनं चालतं आणि दूर जाताना दुसऱ्या? वाक्य चुकलंय की अर्थ लावण्यात चूक व्हायलीय?

लातूरहून
वाक्यच चुकलंय, सर. तिथं ‘चाल’ पाहिजे. परभणीहून ताशी ६० किलोमीटरनं नांदेडकडे निघालेली गाडी आणि तेवढ्यानंच मनमाडकडे निघालेली गाडी: चाल एकच, वेग वेगळे. सूत्र तोंडी सांगायचं तर, वस्तूची चाल प्रकाशाच्या किती पट ते काढा, त्याचा वर्ग १ मधून वजा करा, उरलेल्याचं वर्गमूळ घ्या आणि त्यानं १ ला भागा. वर्ग केला की उणे चिन्ह जातं, दिशाही त्याच्यासोबत जाते. ०.६ पट चालीला उत्तर १.२५. यान येवो, जावो नाहीतर आडवं जावो.

‘कालविस्तार’ चांगला शब्द आहे, तोच ठेवा. ‘कालप्रसरण’ नको. प्रसरण म्हटलं की उन्हात तापलेला रूळ डोळ्यांपुढं येतो आणि पोरं काळाला तापवायला लागतात.

परभणीहून
बरं. पण येणाऱ्या यानाचं घड्याळ जलद दिसतं, असंही वाचायला मिळतं. ते खोटं का?

नांदेडहून
खरं आहे, पण ‘दिसतं’ हा शब्द तिथं दोन गोष्टी एकत्र करायलाय. ०.६ पटच घ्या. यानातल्या घड्याळाचा दर सेकंदाचा ठोका आपल्या हिशेबानं १.२५ सेकंदांनी पडतो. तेवढ्या वेळात यान ०.७५ प्रकाश-सेकंद सरकतं (प्रकाश-सेकंद म्हणजे प्रकाश एका सेकंदात जातो तेवढं अंतर). यान दूर जात असेल तर पुढच्या ठोक्याच्या प्रकाशाला तेवढी वाट जास्त, म्हणून ठोका १.२५ + ०.७५ = २ सेकंदांनी पोहोचतो. जवळ येत असेल तर १.२५ − ०.७५ = ०.५ सेकंदानं. यातला ०.७५ हा प्रकाशाच्या वाटेचा भाग, दिशेप्रमाणे चिन्ह बदलतो तो एवढाच. १.२५ दोन्हीकडे तोच. यान बरोब्बर आडवं असताना निघालेल्या प्रकाशात ०.७५ चा भाग येतच नाही, निव्वळ कालविस्तार उरतो.

म्हणून शब्द असे वाटून घ्या: ठोका ‘पडतो’ तो कालविस्तार, ठोका ‘पोहोचतो’ तो डॉप्लर परिणाम. १९३८ साली आइव्ह्ज आणि स्टिलवेल यांनी हीच वाटणी प्रयोगात केली. हायड्रोजनच्या वेगवान आयनांचा पुढं जाणाऱ्या आणि मागं जाणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी त्यांनी मोजली. सरासरीत दिशेचा मुख्य भाग कटला, आणि उरलेलं सरकणं कालविस्ताराशी जुळलं.

हिंगोलीहून
दिशा जिथं खरंच लागते ती जागाही सांगा, नाहीतर पोरं ती सगळीकडूनच पुसून टाकतील. लांबीचा संकोच, म्हणजे धावती वस्तू आपल्या मोजणीत आखूड भरणं, फक्त गतीच्या दिशेत होतो. एक प्रकाश-सेकंद लांबीचा दांडा घ्या, दोन टोकांना आरसे लावा. चाल ०.६ पटच. दांडा गतीला आडवा असेल तर प्रकाशाची फेरी २.५ सेकंदांची. तोच दांडा गतीच्या दिशेत ठेवला आणि संकोच विसरला तर ३.१२५ सेकंद येतात, म्हणजे घड्याळ कसं धरलंय यावर वेळ बदलायला लागली! इथंच बऱ्याच जणांचं गणित फसतं. संकोच धरून दांडा १ ÷ १.२५ = ०.८ चा घ्या: जाताना ०.८ ÷ ०.४ = २ सेकंद, येताना ०.८ ÷ १.६ = ०.५. बेरीज २.५. जमलं.

काटकोनातल्या दोन भुजांमधून प्रकाश फिरवून तुलना करायची रीत मायकेलसन आणि मोर्ले यांच्या १८८७ च्या प्रयोगात होती. आपल्या औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया वेधशाळेच्या चार-चार किलोमीटरच्या भुजाही आराखड्यात काटकोनातच आहेत, पण त्या गुरुत्वलहरी टिपण्यासाठी.

परभणीहून
शेवटचं एक. विमानातल्या घड्याळांचा प्रयोग पूर्वेकडे एक, पश्चिमेकडे दुसरं उत्तर देतो. मग?

लातूरहून
१९७१ चा हाफेले-कीटिंग. पूर्वेला गेलेली सीझियम घड्याळं जमिनीवरच्यापेक्षा सुमारे ५९ नॅनोसेकंद मागं पडली, पश्चिमेची २७३ नॅनोसेकंद पुढं गेली. कारण जमीन स्वतः फिरती आहे. परभणीच्या अक्षांशावर ती सेकंदाला सुमारे ४३९ मीटरनं पूर्वेकडे जाते. सेकंदाला २५० मीटरनं जाणाऱ्या विमानाची न फिरणाऱ्या चौकटीतली (चौकट म्हणजे ज्याला स्थिर धरून मोजतो ते) चाल पूर्वेकडे ६८९, पश्चिमेकडे १८९. दिशा बदलली म्हणून चाल बदलली, आणि घड्याळानं पाहिली ती चालच. उंचीमुळं दोन्ही विमानांतली घड्याळं थोडी जलद होतात, तो हिशेब वेगळा मांडायचा.

फळ्यावर असं लिहा, सर: ‘कालविस्तार निवडलेल्या जडत्वीय चौकटीतल्या चालीवर अवलंबून असतो.’ ‘निवडलेल्या जडत्वीय चौकटीतल्या’ हे शब्द गाळू नका; जडत्वीय म्हणजे न फिरणारी, स्वतःचा वेग न बदलणारी. ते गाळले की पूर्व-पश्चिमेचा प्रश्न पुन्हा येतोच.