अँड्रूज आणि डन यांच्या प्रवचनांतली बायबलची वचनं जुळत का नाहीत?

रावपुऱ्याची_वाचक
नमस्कार मंडळी. बडोद्यात इंग्रजी एम.ए. करतेय. लघुप्रबंधासाठी सतराव्या शतकातले इंग्रज बिशप लॅन्सलॉट अँड्रूज यांची नाताळची प्रवचनं घेतली आहेत. सध्या १६२२ चं वाचतेय, पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांवरचं (मत्तय २:१-२). प्रत्येक वचन १६११ च्या किंग जेम्स बायबलशी ताडून बघते, तर पानोपानी काही ना काही जुळत नाही. कुठे शब्द मागेपुढे, कुठे अर्धीच ओळ, कुठे आधी लॅटिन आणि मग इंग्रजी. बरं, त्या भाषांतराच्या एका गटाचे प्रमुख स्वतः अँड्रूजच होते! हे सगळं 'चुकीचं उद्धरण' म्हणून नोंदवू का? आणि भावानुवाद कुठून सुरू झाला म्हणायचं?

घडियाळी_पोळ
आधी ताडायचं पुस्तक बदल. १५६० चं जेनेव्हा बायबल लोकांच्या हातात होतं, १६११ उजाडलं म्हणून कुणी ते फेकून दिलं नाही. किंग जेम्सच्या वाचकांसाठी लिहिलेल्या प्रस्तावनेतसुद्धा वचनं जेनेव्हातली आहेत! स्तोत्रांची गोष्ट आणखी वेगळी. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकातला, कव्हरडेल या आधीच्या भाषांतरकाराचा पाठ महिन्याभरात पुरा म्हटला जायचा, तोच कानात बसलेला. १६६२ च्या आवृत्तीतही तो बदलला नाही. आणि वल्गेट या लॅटिन बायबलमध्ये बऱ्याच स्तोत्रांचा क्रमांक एकाने मागे असतो, तेवढं सांभाळ.

जुना_मास्तर
मी इंग्रजी शिकवण्यात हयात घालवली, आणि त्याआधीपासून दांडिया बाजारात कीर्तनं ऐकत आलो. म्हणून कळकळीनं सांगतो, 'चुकीचं' हा शब्द वहीतून काढ. कीर्तनकार प्रमाण देताना गाथा उघडून बसतो का? तुकोबांची ओळ तो निरूपणाच्या वाक्यात वळवून घेतो, अर्ध्यावर थांबतो, उरलेली श्रोत्यांना पाठच असते.

कवी आणि धर्मोपदेशक जॉन डन यांचं शेवटचं प्रवचन बघ, फेब्रुवारी १६३१ चं. स्तोत्र ६८:२० चा नुसता शेवटचा तुकडा त्यांनी घेतला: मरणातून सुटण्याच्या वाटा प्रभू परमेश्वराच्या हाती. त्यातून मरणापासून सुटका, मरतेवेळची सुटका आणि ख्रिस्ताच्या मरणाद्वारे सुटका असे तीन पदर काढून सबंध प्रवचन रचलं. यातलं उद्धरण कुठे संपतं आणि विवरण कुठे सुरू होतं? माझी खूण अशी: वाक्याचा कर्ता आणि काळ बायबलचा आहे तोवर उद्धरण. प्राचीन इस्राएलाबद्दलच्या ओळीत 'आपण' शिरलं की भावानुवाद धरायचा.

आणखी एक. छापील पान म्हणजे बोललेलं प्रवचन नव्हे. १६२५ च्या प्लेगात डन चेल्सीला राहिले होते, तेव्हा टिपणांवरून ऐंशीच्या आसपास प्रवचनं लिहून काढली. अँड्रूज यांची ९६ तर मृत्यूनंतर, १६२९ मध्ये छापली गेली. वचनासाठी वापरलेला तिरपा टाइप दिसला की लगेच लेखकाच्या नावावर टाकू नकोस.

घडियाळी_पोळ
नोंद कशी ठेवायची ते पाहायचं तर आपल्या बडोद्याच्या प्राच्य विद्या मंदिरानं काढलेली वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती चाळ. मुख्य पाठ वर, बाकीचे पाठभेद खाली, हस्तलिखितांच्या खुणांसकट. वचन वर आणि जेनेव्हा, कव्हरडेल, वल्गेट खाली, असंच मांड.

रावपुऱ्याची_वाचक
सर, 'आपण'ची खूण फार उपयोगी. पण १६२२ मधलं ते कडाक्याच्या थंडीचं, खोल चिखलवाटांचं, आखूड दिवसांचं वर्णन कुठे घालू? मत्तयात यातलं काहीच नाही.

जुना_मास्तर
मत्तयात ते लोक 'आलो आहोत' एवढंच म्हणतात. अँड्रूज त्या येण्यापाशी थांबले आणि येताना काय काय सोसलं असेल ते ऐकणाऱ्यांपुढे उभं केलं. तेही व्हाइटहॉल राजवाड्यात, राजासमोर, २५ डिसेंबरला, म्हणजे बाहेर तोच ऋतू होता. हा ना उद्धरण, ना भावानुवाद. 'विस्तार' असा वेगळा रकाना कर आणि मूळ क्रियापद समोर लिही. इतर नाताळ-प्रवचनांतही तो रकाना भरतो का ते बघ, आणि यादी इथे टाक. मला वाचायची आहे.