मेनिएरसाठी लॅबिरिंथेक्टॉमी (आतल्या कानातला तोलाचा अवयव काढून टाकणं) कोणी करून घेतली आहे का?

मंडळी, मदत हवी आहे. डाव्या कानाला मेनिएर (आतल्या कानाचा, चक्कर आणणारा आजार) आहे, चार वर्षं झाली. (मान वळवली की अर्धा मिनिट गरगरतं, तो प्रकार नव्हे. त्यावरची, डोकं वळवून करायची एप्ली सुचवू नका, प्लीज.) आधी कान गच्च होतो, गुणगुण वाढते, मग दोन-तीन तास खोली फिरत राहते. मीठ तोडलं, चक्करेवरचं बीटाहिस्टिन झालं, लघवीच्या गोळ्या झाल्या, कानाच्या पडद्यातून स्टेरॉइडची तीन इंजेक्शनं झाली. पहिल्यानंतर पाच महिने बरे गेले, तिसऱ्यानंतर तीन आठवडेही नाहीत.

गेल्या महिन्यात नवीनच. दात घासताना कोणी मागून ढकलावं तशी आडवी पडले. शुद्धीत होते, ब्रश हातातच होता. डॉक्टर म्हणाले, या आजारात होतं असं, आता थांबू नका.

जेंटामायसिनच्या इंजेक्शनने तोलाच्या पेशी मारता येतात, पण ऐकणंही थोडं कमी होऊ शकतं. तोलाची नस कापली तर ऐकणं बहुधा टिकतं, पण कवटी उघडावी लागते. लॅबिरिंथेक्टॉमी कानामागच्या हाडातून होते, चक्कर जवळपास हमखास थांबते आणि त्या कानाचं ऐकणं कायमचं संपतं. एंडोलिम्फॅटिक सॅकच्या (आतल्या कानातल्या द्रवाच्या पिशवीच्या) ऑपरेशनचं मीच विचारलं. त्यात कान वाचतो, पण १९८१ च्या डॅनिश चाचणीत पिशवीला हात न लावता नुसतं हाड कोरलेले रुग्णही बरेचसे तितकेच सुधारले, तेव्हापासून वाद आहे.

डाव्या कानाला फोन लावला तर कोणीतरी बोलतंय एवढंच कळतं, शब्द एकही नाही. डॉक्टरांच्या लेखी तो कान गेलेलाच. पण उद्या उजव्यालाही हेच झालं तर? आणि ऑपरेशननंतर आधाराशिवाय चालायला किती दिवस लागले?

प्रतिसाद १: माझी दोन वर्षांपूर्वी झाली. पहिले तीन दिवस वाईट. डोळे एका बाजूला झटके घेत होते, उलटीचं भांडं उशाशीच. चौथ्या दिवशी भिंत धरून चाललो, सहा आठवड्यांनी एकटा बाहेर पडलो. व्यायाम कंटाळवाणे आहेत, पण तेच तारतात. अंधारात अजून हात भिंतीकडे जातो. मोठा झटका मात्र एकही नाही. उजव्या कानाची पाण्याची तपासणी (कानात पाणी सोडून तोल बघतात ती) झाली का? तो तोल धड असेल तरच मेंदू जुळवून घेतो. आणि यात ऐकण्याची नस शाबूत राहते, त्यामुळे पुढे कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकण्यासाठी कानात बसवायचं यंत्र) शक्य असतं का, तेही विचारा.

धागाकर्ती: आभार! पाण्याची तपासणी झालीय, उजवा ठीक आहे. इम्प्लांटचं कोणी बोललंच नव्हतं. गुरुवारी वेळ घेतलीय, तेच आधी विचारते. नस कापून घेतलेलं कोणी आहे का इथे?